लाल पेटीतली वाघीण

माझ्याकडं ताडोब्यातल्या एका बुंध्याचे एकशे चाळीस फोटो आहेत. पहिल्या साठ फोटोंपर्यंत तो बुंधा म्हणजे बिबट्याच आहे अशी माझी खात्री होती. पुढच्या पन्नासांच्या वेळी शंका होती. शेवटच्या तिसांच्या वेळी शंकाही उरली नव्हती, पण जिप्सीतल्या लोकांसमोर शोभा होऊ नये म्हणून मी बटण दाबत राहिलो. परत आल्यावर घरचे हसले, ऑफिसातले हसले. एकाच माणसानं चष्मा कपाळावर सरकवून ते फोटो शांतपणे, एकेक करून पाहिले आणि निकाल दिला, "हे ओके आहेत."

मला वाटलं, थट्टा करतायत.

"थट्टा नाय. ह्याला कळलंच नाय तू फोटो काढायलास ते. असा दुसरा एक तरी फोटो आहे का तुझ्याकडं?"

ह्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. आज कळलाय असंही छातीठोक सांगता येत नाही. काकांच्या बाबतीत माझं कायमच असं व्हायचं. ते बोलत असायचे तोवर सगळं पटायचं. घरी येऊन बायकोला समजावून सांगायला लागलो की अर्ध्या वाक्यावर माझी गाडी बंद पडायची.

काका म्हणजे नात्यानं माझे कुणी नव्हेत. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी कामगार विभागात इकडचे कागद तिकडे करतो, तिथं ते क्वालिटीत होते. अख्खा कारखाना त्यांना काकाच म्हणायचा. दर तासाला लाइनवरून एक फेरी मारायची, मशीनवरून नुकताच उतरलेला नग उचलायचा, गेज लावायचा. मापात असला तर हिरवी चिठ्ठी, नसला तर लाल. लाल चिठ्ठीचा माल लाल पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली काकांच्या खिशात. एकतीस वर्षं हेच काम. आणि एकतीस वर्षांत त्यांनी लाल चिठ्ठी लावलेला एकही नग चुकून गेटबाहेर गेलेला नव्हता. ह्या ‘एकही नाही’चा त्यांना फार अभिमान होता. बाकी कशाचाच नव्हता. पाच वर्षं एकच स्वेटर घालायचे.

मी नवीन लागलो तेव्हाची गोष्ट. मशीनच्या समोरून चांगला रुंद, पिवळे पट्टे मारलेला रस्ता. काका मात्र मागच्या बाजूनं, भिंत आणि मशीन ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून, सांडलेल्या तेलातून, तोल सांभाळत चाललेले. मी विचारलं, "काका, समोर एवढा रस्ता सोडून मागून कशाला?"

"समोरून गेलो की माणूस गॉगल चढवतो, ताठ होतो, गेज पुसायला लागतो. मंग मी काय तपासलं? मला बघून त्यानं जे केलं, ते. मला बघायचंय, मी नसताना काय चालतं."

"पण तुम्ही तर तिथं असताच की."

काका थांबले. तेलात उभ्या उभ्याच म्हणाले, "तीच तर अडचण हाय."

ही अडचण घेऊन काका वर्षातून दोनदा जंगलात जायचे. सुट्ट्या साठवायच्या, आणि ताडोबा, पेंच, नवेगाव, कधी मेळघाट. जवळच म्हणून गौताळ्यात तर रविवारीसुद्धा. कॅमेरा चांगला होता, लेन्स तर माझ्या हातापेक्षा लांब. आणि एवढ्या सगळ्या सामग्रीनं ते फक्त पाठी टिपायचे. वाघाची पाठ. गव्याची पाठ. जाणाऱ्या सांबराचं शेपूट. अस्वलाचा एक फोटो मी कितीतरी दिवस गवताची पेंढी समजत होतो. नाचणारा मोर मागून कसा दिसतो, ते तुम्ही पाहिलंय का? मी काकांच्या घरी पाहिलं, आणि त्यानंतर समोरून नाचणारा मोर दिसला तरी मला मागची बाजू आठवते.

जनावरानं कॅमेऱ्याकडं पाहिलं की फोटो रिजेक्ट. तपासनीस दिसल्यावर ताठ झालेल्या कामगारासारखा. सरळ हिशोब होता त्यांचा.

जंगलात ह्याचा परिणाम असा व्हायचा की वाघ रस्त्यावर उतरला की सगळ्या जिप्स्या धुरळा उडवत त्याच्या पुढं जाऊन उभ्या राहायच्या, आणि आमची एकटी मागं. आमचा गाइड रडकुंडीला यायचा. "काका, समोर चला ना! तोंड दिसंल!" काका म्हणायचे, "तोंड त्यांना घेऊ दे. आपण मागं ऱ्हाऊ." एकदा तर वाघ उलटा फिरून सरळ आमच्याकडं चालत आला. जिप्सीतले बाकीचे तिघे श्वास रोखून बटणं दाबतायत, आणि काकांनी कॅमेरा मांडीवर ठेवून पाण्याची बाटली उघडली. वाघ आमच्या बाजूनं निघून गेला. मग काका वळले, कॅमेरा उचलला, आणि "हां, आता," म्हणाले.

उस्मानपुऱ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथल्या भिंतीवर त्यांच्या लग्नाचा एकच फोटो. त्यात एका बाईचा अंबाडा आणि हातातलं भाताचं पातेलं. काकू हसत सांगायच्या, "सगळा आल्बम रिजेक्ट केला ह्या माणसानं. का? तर समदे कॅमेऱ्याकडं बघायलेत. एवढा एक पास झाला. मी पंगतीत वाढायले, तोंड भिंतीकडं. माझ्या आईनं विचारलं, ही कोण? म्हणलं, मीच."

कोपऱ्यात बुद्धाची हातभर मूर्ती होती. ती मात्र समोरून. मी खोडसाळपणे विचारलंच, "ही कशी चालते काका?"

"ती बघतीय का आपल्याकडं? डोळे मिटलेत. आत बघायलीय."

मी चहा प्यायलो.

माझा आणि त्या वाघिणीचा संबंध असा. मे महिना, ताडोबा, सकाळची फेरी. एक वाघीण रस्त्यावरून निवांत चालली होती, आणि मागून आमची जिप्सी, गोगलगाईच्या चालीनं. दहा मिनिटं वाघीण पुढं, आम्ही मागं. काकांचा चेहरा असा खुलला होता की लग्नाच्या आल्बममध्येही तसा नसणार. पुढं डाव्या हाताला चितळांचा कळप चरत होता. वाघिणीनं तो पाहिला, अंग जमिनीला टेकवलं आणि गवताच्या कडेला थिजली. गाइडनं हातानंच सांगितलं, गप्प.

आता आमच्याकडून कुणी कसलाच आवाज करायचा नव्हता, हे मला मान्य आहे. तिथं खायचं नसतं, हेही फाटकावर सांगितलेलं होतं. पण मी पहाटेपासून उपाशी होतो आणि खिशात भडंगाचं पाकीट होतं. मी ठरवलं की पाकीट अगदी सावकाश उघडायचं, म्हणजे आवाज होणार नाही. ज्यांनी कधी असं केलंय त्यांना माहीत असेल की प्लॅस्टिक सावकाश फाडलं तर आवाज कमी होत नाही, फक्त लांबतो. माझ्या पाकिटाचा आवाज मला वाटतं अर्धा मिनिट चालला होता.

वाघिणीनं मान वळवली आणि पाहिलं. सरळ. नेमकं त्याच क्षणी काकांचं बोट बटणावर होतं, तो एक फोटो निघाला. मग चितळ ओरडलं, कळप उधळला, वाघीण उठली आणि कंटाळल्यासारखी झुडपात गेली.

गाइड कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून बघत म्हणाला, "काका! असा फोटो लोकायला जन्मात भेटत नाही हो!" आणि खरंच, फोटो म्हणाल तर असा की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. कोवळं ऊन, गवताची पाती, आणि ते दोन डोळे.

फाटकाशी उतरल्यावर काका म्हणाले, "ती आज उपाशी ऱ्हायली."

"माझ्यामुळं?"

"मी कुठं म्हणलो?"

घरी गेल्यावर त्यांनी त्या फोटोला लाल चिठ्ठी लावली. काकांच्या घरीही एक लाल रंग दिलेली पत्र्याची पेटी होती, रिजेक्ट फोटोंची. प्रत्येक फोटो छापून आणायचा, मागं चिठ्ठी, चिठ्ठीवर कारण, आणि सोबत छोट्या पाकिटात कॅमेऱ्याचं कार्ड. ह्या चिठ्ठीवर कारण लिहिलं होतं: ‘आवाज’. कुणाचा, ते लिहिलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या मॅनेजरसाहेबांच्या मनात आलं की कंपनीचं नवीन कॅलेंडर राष्ट्रीय उद्यानांवर काढायचं, आणि फोटो आपल्याच माणसाचे घ्यायचे. जबाबदारी माझ्यावर. मी काकांकडं गेलो. त्यांनी आनंदानं बारा हिरव्या चिठ्ठीचे फोटो निवडून दिले. मी ते साहेबांच्या टेबलावर मांडले. साहेबांनी जानेवारी पाहिला, मार्च पाहिला, ऑगस्ट पाहिला.

"हे काय आहे? वर्षभर सगळे आपल्याला पाठ दाखवून चाललेत?"

मी काकांची थिअरी सांगायला सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणं अर्ध्या वाक्यावर बंद पडलो.

"ते मला काही सांगू नका. बाकीचे अकरा राहू द्या. जानेवारीला मला तोंड पाहिजे. वाघाचं."

मंगळवारी मी परत उस्मानपुऱ्यात. काकांना म्हणालो, एकच फोटो, त्या वाघिणीचा. काका म्हणाले, "तोंडाचे फोटो लई हायत. पण ते रिजेक्ट हायत. रिजेक्ट माल गेटबाहेर जात नसतो." बोलता बोलता फोन आला म्हणून ते बाहेर ओट्यावर गेले. पेटी माझ्या शेजारीच होती. कुलूप होतं, पण किल्ली कुलपातच, घरात कोण येतंय चोरायला म्हणून. मी उघडली. वाघीण वरच होती. पाहिली, बंद केली, आणि काका आत आले तेव्हा मी पंख्याकडं बघत बसलो होतो.

बुधवारी लॅपटॉप घेऊन गेलो, बाकीचे अकरा फोटो उतरवून घ्यायला. तेवढ्यात नळाला पाणी आलं. संभाजीनगरात नळाला पाणी आलं की घरात पाहुणा आहे, पूजा आहे की बाळंतीण आहे, काही विचारायचं नसतं. आठवड्यानं आलेलं पाणी. काका मोटर लावायला धावले, काकू पाइप घेऊन मागं. मी एकटा, लॅपटॉप उघडा, पेटी शेजारी. पुढचं काय सांगू? दोन मिनिटांचं काम होतं. काका आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली, चेहरा प्रसन्न. "टाकी भरली," म्हणाले. मी म्हणालो, "माझंही झालं."

डिसेंबरच्या शेवटी दोनशे कॅलेंडरं छापून आली आणि वाटलीही गेली. गावभरच्या पुरवठादारांना, टपऱ्यांना, कँटीनला. जानेवारीच्या पानावर वाघीण, खाली बारीक अक्षरांत ‘छायाचित्र’ आणि काकांचं नाव.

घरी मी आणखी एक पराक्रम केला. बायकोनं कॅलेंडर उघडलं, वाघिणीकडं पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई! हा कुणी काढला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच." खाली नाव काकांचं का, असं तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं की कंपनीत ज्येष्ठ माणसाचं नाव टाकायची पद्धत आहे. तिनं ते कॅलेंडर स्वयंपाकघरात ओट्यासमोर टांगलं आणि माहेरी तीन फोन केले. एकशे चाळीस बुंधे काढणाऱ्या नवऱ्याचं शेवटी सोनं झालं होतं. माझ्यानं ते मोडवेना.

काकांनी कॅलेंडर पहिल्यांदा कँटीनमध्ये पाहिलं. मी त्यांच्या समोरच बसलो होतो. त्यांनी चमचा खाली ठेवला, उठून भिंतीपाशी गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, "हा लाल पेटीतला हाय."

मग टेबलाशी आले. "हे कसं झालं?"

"प्रेसवाल्यांनी काहीतरी गोंधळ केला असंल, काका."

एखाद्या बेअरिंगला बघावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाले. "किती गेले?"

"दोनशे."

"यादी दे."

काकांच्या निवृत्तीला एक महिना उरला होता. एकतीस वर्षांत बाहेर गेलेला माल शून्य, आणि आता जाता जाता त्यांच्याच नावाखाली दोनशे नग. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं, फोटोच तो. काकांनी मात्र कारखान्याचा नियम लावला. रिजेक्ट माल गिऱ्हाइकाकडं गेला तर तपासनिसानं स्वतः तिथं जायचं, तो वेगळा काढायचा, आणि बदली चांगला माल द्यायचा. त्यांनी पदरमोड करून जानेवारीची दोनशे नवी पानं छापून आणली. त्यावर पेंचच्या एका वाघाची पाठ. आणि रोज शिफ्ट सुटली की स्कूटरवर निघायचे. मागं मी. मला नाही म्हणायचं तोंड नव्हतं, आणि का येतोस असं त्यांनी विचारलंही नाही.

तो महिना मी आयुष्यात विसरणार नाही. वाळूजच्या वर्कशॉपांत, चहाच्या टपऱ्यांवर, वजनकाट्याच्या केबिनीत आम्ही जायचो. काका सांगायचे, "ह्या पानात दोष हाय, बदलून देतो." लोक वाघिणीकडं बघायचे, काकांकडं बघायचे, मग माझ्याकडं. मी जमिनीकडं. "कसला दोष?" "ही बघायलीय," काका म्हणायचे. लोक समजल्यासारखी मान हलवायचे. मला ही सोय कधीच जमली नाही.

सिल्लोडला एक मियाँभाई होते, आमच्या कारखान्याला मशीन पुसायच्या सुती चिंध्या पुरवायचे. दुकानात चिंध्यांच्या गठ्ठ्यांवर वाघीण टांगलेली. ते काही पान द्यायला तयार होईनात. "अरे काका, ये नक्को ले जाओ! जबसे ये बाई आयी, गोदाम में चूहा नहीं दिखा."

काका म्हणाले, "भाईजान, हा माल खराब आहे."

"खराब? इसकी आँखां देखो!"

"आँखांचाच प्रॉब्लेम है." मग काकांनी पेंचचा वाघ काढून दाखवला. "हा बघा. हा लावा."

मियाँभाईंनी नव्या पानाकडं बराच वेळ पाहिलं. "ये तो जा रहा है."

"हौ. कामाला चाललाय."

काय झालं कुणास ठाऊक, मियाँभाई हसले, आणि वाघीण काढून दिली. चहाही पाजला. परतीच्या रस्त्यावर, मक्याच्या ट्रकांमागून स्कूटर चालवत असताना काका वाऱ्यातून ओरडून म्हणाले, "शहाणा माणूस हाय. त्याला लगेच कळलं." मी मागून ओरडलो, "व्हय!" मला काय कळलं होतं ते विचारू नका.

साठ-पासष्ट किलोमीटरचा तो रस्ता. मला तोंड उघडून तीन शब्द बोलायला तिथं भरपूर वेळ होता. फुलंब्रीपर्यंत मी ठरवत होतो की आता सांगतो. फुलंब्रीनंतर ठरवलं, उद्या.

जानेवारीच्या शेवटी एकशे नव्व्याण्णव पानं परत आली. एक राहिलं. आणि एका रविवारी सकाळी काका आमच्या घरी आले.

बायकोनं त्यांना कौतुकानं थेट स्वयंपाकघरात नेलं. मी मागून हातवारे करतोय, ती बघेल तर शपथ. "काका, हे बघा. ह्यांनीच काढलाय बरं का! नाव तेवढं तुमचं टाकलं कंपनीनं, पण तुम्हाला तर माहीतच असंल."

मी फ्रिजला धरून उभा राहिलो. आता काका एक वाक्य बोलणार आणि माझा संसार, नोकरी आणि अब्रू एकाच ओट्यावर चिरली जाणार.

काकांनी वाघिणीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग बायकोला म्हणाले, "व्हय सूनबाई. हा नसता तर हा फोटो निघालाच नसता."

बायको एवढी फुलली की तिनं शिरा करायला घेतला.

काका टेबलाशी बसले आणि खिशातून एक घडी केलेला छापील कागद काढला. कारखान्यात ह्याला डेव्हिएशन म्हणतात. म्हणजे माल मापात नाही हे कबूल, तरी एवढ्या नगापुरती, अमक्या तारखेपर्यंत, वापरायला परवानगी. मोठमोठे साहेब असल्या कागदावर सही मागायला काकांच्या मागं फिरायचे, आणि काकांनी एकदाही केलेली नव्हती. त्या सकाळी त्यांनी लिहिलं: ‘नग: एक. मुदत: ३१ डिसेंबर.’ खाली सही केली. ‘जबाबदार व्यक्ती’ ही ओळ कोरी ठेवली.

"काका, ही ओळ राहिली," मी म्हणालो. माझा आवाज भडंगाच्या पाकिटासारखा निघाला.

"ऱ्हाऊ दे. मुदत वर्षाची हाय."

निरोप समारंभात साहेबांनी काकांना बोलायला उभं केलं. काका म्हणाले, "मला सांगायचं होतं, एकही नाय. पण एक नग बाहेर हाय. कुठं हाय ते मला माहीत हाय. कागद अजून उघडा हाय. जयभीम, रामराम, सलाम." आणि खाली बसले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि कुणीतरी माझ्याकडं बघतंय का ते पाहिलं.

पुढचं सगळं वर्ष आमच्या घरी जानेवारी होता. बायको पान उलटू द्यायची नाही, वाघीण झाकली जाते म्हणून. त्यापायी मी मार्चमधल्या एका लग्नाला तीन दिवस उशिरा पोचलो आणि मंडपवाल्यांना आहेर देऊन आलो. रोज सकाळी दात घासत मी ओट्याशी यायचो, आणि ती बघत असायची. काकांचा अधूनमधून फोन यायचा. नवेगावला जाऊन आलो, अस्वल मिळालं, गुडघा दुखतोय. कॅलेंडरचा विषय ते काढायचे नाहीत. त्यांना माहीत होतं की नव्हतं? माहीत असेल तर विचारत का नाहीत? आणि माहीत नसेल तर ती ओळ कोरी का? मी दोन्ही बाजूंनी विचार करायचो आणि दोन्ही बाजूंनी माझाच चेहरा दिसायचा.

एक जानेवारीला सकाळी दारावर टकटक झाली. काका. हातात पिशवी.

"काका! या या. चहा टाकते," बायको म्हणाली.

"नको आत्ता. मुदत संपली."

ते आत गेले, कॅलेंडर स्वतः खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं, रबर लावलं, पिशवीत ठेवलं. मग टेबलाशी बसून तो कागद काढला. घडीवर थोडा झिजला होता.

"नग मिळाला," ते म्हणाले. "कागद मात्र त्यानं बंद होत नाय. एवढी एक ओळ हाय."

पेन टेबलावर ठेवलं. माझ्याकडं सरकवलं नाही, नुसतं ठेवलं.

"कसली ओळ?" बायकोनं विचारलं.

मला अजूनही ‘प्रेसवाले’ असं लिहिता आलं असतं. काकांनी ते मान्यही केलं असतं, ‘बरं’ म्हणाले असते, कागद घडी घालून नेला असता आणि परत कधी फोन केला नसता. हे एवढं मात्र, आयुष्यात पहिल्यांदा, मला स्वच्छ कळत होतं. मी पेन उचललं आणि माझं नाव लिहिलं.

बायको खांद्यावरून वाकली. "म्हणजे?"

"म्हणजे फोटो काकांचा आहे. त्यांनी बाहेर द्यायचा नाही म्हणून ठेवला होता. मी चोरून दिला. आणि तुला खोटं सांगितलं."

तिनं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आणि मी तीन फोन केले."

"तारीख टाक," काका म्हणाले.

मी दिवाळीआधीचे ते दिवस आठवले, बोटांवर मोजले आणि मंगळवारची तारीख घातली. मन बिघडलं ते त्याच दिवशी, असं मला वाटत होतं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून तारीख वाचली. "मंगळवार कशाला टाकलास?"

मी टोपण लावायला घेतलेलं पेन पुन्हा उघडलं.

"मंगळवारी तू नुसतं उघडून बघितलंस. बघण्याला लाल चिठ्ठी नसती. नेलास बुधवारी. पाणी आलं होतं त्या दिवशी. बुधवार टाक."

हे त्यांना कसं कळलं होतं, कधीपासून माहीत होतं, सिल्लोडच्या रस्त्यावर माहीत होतं का, शिरा खाताना माहीत होतं का, ह्यातलं काहीही मी विचारलं नाही. मी मंगळवार खोडला. बुधवार लिहिला.

"शेजारी छोटी सही कर," काका म्हणाले. "खाडाखोड कुणी केली ते कळायला पाहिजे."

मी केली. त्यांनी शाईवर फुंकर मारली, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता टाक चहा."